बारा तासांचं विमान आणि आबांचे थांबे

मेलबर्नला जायचं ठरलं तेव्हा मला व्हिसाची नाही, विमानातल्या बारा तासांची धास्ती होती. नवरा, अमोल, दोन वर्षांपासून तिकडे नोकरीला. तो गेला तेव्हा सार्थक चार वर्षांचा होता, त्याला बाप पक्का आठवतो. ओवी मात्र जेमतेम वर्षाची होती. तिचा बाप म्हणजे मोबाइलमधला एक चेहरा. आणि ही पोरगी दमली, रडली की नव्या माणसाच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही. बारा तास रडत उतरली तर अमोलकडे जाईल का? तो तर रोज फोनवर विचारायचा, "ओळखेल ना गं मला?"

सोबतीला सासरे, आबा. जालना ते कुंभार पिंपळगाव काळीपिवळी जीप चालवण्यात जन्म गेला, विमानात पहिल्यांदाच बसणार. खरं सांगते, मला वाटलं, आता दोन नाही, तीन लेकरं सांभाळायची!

आदल्या दिवशी सकाळच्या रेल्वेनं मुंबई गाठली, मुक्काम नातेवाइकांकडे. लहान मुलं असतील तर एवढं कराच; जालन्याहून थेट विमानतळावर धावत जाल तर मुलं आधीच चिडचिडी होतात. विमान दुसऱ्या दिवशी दुपारचं होतं.

माझी शंका विमानतळावरच खरी ठरली. सार्थकला घेऊन मी बाथरूमला गेले आणि येऊन बघते तर आमच्या गेटवरची रांग संपत आलेली, आबा ओवीला मांडीवर घेऊन निवांत चहा पीत बसलेले.

"आबा! विमान चाललं!"

"कसं जातं? एवढी मान्सं अजून इथंच बसून राह्यलीत. गाडी भरल्याबिगर कोन काढतं का?"

ती माणसं दुसऱ्या विमानाची होती, हे मी पळता पळता सांगितलं. दार बंद व्हायच्या जरा आधी आम्ही आत शिरलो. माझा नुसता संताप झाला होता.

टॅब, खडू, स्टिकर, सगळी जय्यत तयारी मी केली होती. दोन तासांत सगळं संपलं. ओवीनं खडू फेकले, पुढच्या सीटवर लाथा सुरू केल्या. पुढच्या बाई दोनदा मागे वळल्या. मला घाम फुटला.

तेव्हा आबा म्हणाले, "सूनबाई, पोरीला कुटं उतरायचं तेच माहीत न्हाई, मंग ती बसंल कशी? सवारीला पुढचं गाव सांगावं लागतं." आणि त्यांनी हाळी दिली, "चला, गोलापांगरी, गोलापांगरी!"

दर अर्ध्या तासाला त्यांच्या जीपच्या वाटेवरचं एक गाव. गाव आलं की सगळ्यांनी उठायचं, जागा बदलायच्या, एक काहीतरी खायचं. गोलापांगरीला दशमी. अंबडला विमानाच्या शेपटापर्यंत चक्कर. घनसावंगीला ओवी कोंबडी घेऊन चढणारी म्हातारी झाली आणि आबांनी तिच्याकडे कोंबडीचंही भाडं मागितलं. "कोंबडी लहान आहे!" ओवी भांडायला लागली. पुढच्या बाई आता हसायला वळल्या होत्या.

"आबा, पिंपळगाव तर आलं. आता?" सार्थकनं विचारलं.

"आता माघारी जालना. रिकामी गाडी परवडती का?"

असे किती फेरे झाले देव जाणे. मधे पोरं चार तास गाढ झोपली. मी आबांकडे बघतच राहिले. आपल्याला काय येतं हे त्यांना नेमकं माहीत होतं. मला मात्र त्यांना काय येतं ते माहीत नव्हतं, याची लाज वाटली.

विमान खाली उतरताना पोरांना घोट घोट पाणी पाजत राहा, कान दुखत नाहीत. उरलेलं खाणं विमानातच संपवा, तिकडे तपासणी कडक असते.

बाहेर अमोल उभा होता. ओवी ताजीतवानी, पण पाय धरून बसली आबांचे. अमोल पुढे आला नाही, तिथंच फरशीवर बसला. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग ती हळूच गेली, त्याच्या दाढीला हात लावला आणि म्हणाली, "टोचतंय." आबा उगाच सामान मोजत उभे राहिले.

तीन आठवडे समुद्र, बागा, कांगारू, सगळं पाहिलं. ओवीनं मात्र बहुतेक सगळं बापाच्या खांद्यावरूनच पाहिलं.

येतानाच्या विमानात ती तीन तास रडली. "बाबा पाहिजे," एवढं एकच. मी अगतिक होऊन आबांकडे पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "रडू दे तिला, सूनबाई. बापासाठी रडून राह्यली." त्यांचेही डोळे भरले होते. मी तिला छातीशी धरून बसले.

जालन्यातल्या मस्तगडच्या घरी येऊन आठ दिवस झाले. शेजारणी विचारतात, "पोरीनं विमानात त्रास दिला का गं?" जाताना फारसा नाही, मी सांगते. येताना खूप दिला, आणि दोन वर्षं मी देवाकडे तेवढंच मागत होते.