मर्डॉकचं एक मत

प्रिन्स एडवर्ड बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर आमचं गाव. मर्डॉक गिलिस तिथला लोहार. बर्फावर घोडा घसरू नये म्हणून टोकदार नाल ठोकावेत तर त्यानेच. बोलणं कमी, वजन जास्त. म्हणूनच निवडणूक आली की अधिकाऱ्याची खुर्ची त्याच्याकडे यायची.

त्या काळी आमच्याकडे मत लपवून देत नसत. टेबलापुढे उभं राहायचं, टोपी काढायची आणि सर्वांदेखत नाव घ्यायचं. कोण कुणाचा, हे शेजारच्या कुत्र्यालाही ठाऊक. मर्डॉकचं मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण खुर्चीवरच्या माणसाला मत नसे. दोन्हीकडची मतं सारखी पडली, तरच त्याने तोंड उघडायचं.

वीस वर्षांत तसं झालं नाही. १९०८ साली झालं.

एकीकडे उभा होता यूअन मॅथसन, मर्डॉकच्या धाकट्या बहिणीचा, फ्लोराचा नवरा. दुसरीकडे सिल्वेन गॅलंट, समुद्रातली शेवंडं डब्यांत भरणाऱ्या कारखान्याचा मालक. गॅलंटने गावाला धक्का बांधून द्यायचा शब्द दिला होता. यूअन म्हणे, आधी रस्ते. आमच्या होड्या तेव्हा लाटांतूनच वाळूवर ओढाव्या लागत. तशीच एक उलटली आणि मर्डॉक-फ्लोराचा मधला भाऊ नील गेला. त्याला पाण्यातून बाहेर काढलं ते यूअननेच.

दुपार कलली. कारकुनाने वही मिटली आणि म्हणाला, "दोनशे चौदा. आणि दोनशे चौदा."

"उघड रे मर्डॉक तोंड," म्हातारा अँगस म्हणाला. "तुला दात आहेत की नाहीत, तेही एकदा कळू दे."

लोक हसले. मर्डॉक उठला, त्याने टोपी काढली. फ्लोरा त्याच्यासाठी भाकरीची टोपली घेऊन दारात उभी होती.

"दादा," ती हळूच म्हणाली, "घरातलंच नाव आहे."

"घरातलं मला नीलचं आठवतंय, फ्लोरा."

मग तो टेबलाकडे वळला. "सिल्वेन गॅलंट."

यूअनने पुढे होऊन मर्डॉकचा हात हातात घेतला. फ्लोरा टोपली घेऊन तशीच परत गेली.

दोन वर्षांत लाकडी धक्का झाला. यूअनची होडीही तिथेच लागू लागली. फ्लोरा मात्र नवऱ्याची वाट वाळूत उभी राहून पाही, गारांतसुद्धा. त्या फळ्यांवर तिने पाय ठेवला नाही, आणि भावाशी अकरा वर्षं शब्द बोलली नाही. पुढे त्या किनाऱ्यावर कुणी बुडालं नाही. हे ती जाणत होती. म्हणत मात्र नव्हती.

मर्डॉक गेला तो त्या अकराव्या वर्षाच्या शरद ऋतूत. दफनभूमी खाडीपलीकडे. शवपेटी होडीने न्यायची, म्हणजे धक्क्यावरूनच. आम्ही ती होडीत उतरवली आणि थांबलो. फ्लोरा पहिल्या फळीशी उभी होती. यूअनने हात पुढे केला.

"पक्क्या आहेत का या?" तिने विचारलं.

"पक्क्या आहेत. ये."

"असायलाच हव्यात. फार महाग पडल्या मला."

हात न धरता ती निघाली, एकेका फळीवर पाय टेकवत, अगदी टोकापर्यंत.