आधी डोळा बघावा

नव्या गावात गेलं की माझे सासरे आधी एकच चौकशी करत: इथे साप कोणते? जर्मनीत एर्लांगेनला आमच्याकडे आले तेव्हाही तिसऱ्या दिवशी त्यांनी हेच विचारलं. मी हसून म्हणालो, अण्णा, इथे कुठले साप! त्यावर ते म्हणाले, "अहो सतीशराव, साप नसलेलं गाव नसतं. न बघणारी माणसं असतात."

अण्णा देवरुखजवळच्या एका शाळेत मास्तर होते. पंचक्रोशीत साप निघाला की बोलावणं त्यांनाच यायचं. "आधी डोळा बघावा, मग काठी शोधावी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमच्या घरात मात्र त्यांचं काहीच चालत नसे. कचऱ्याचे चार डबे, बसचं तिकीट, सगळीकडे आम्ही त्यांना दुरुस्त करत असू. नात इरा जर्मनमध्ये उत्तर देई, म्हणून तिच्याशी बोलायलाही त्यांना मध्ये मी लागे.

शहराबाहेर आम्ही बागेचा एक तुकडा भाड्याने घेतला होता. शेजारी क्राउस, निवृत्त सुतार, मितभाषी. त्यांना मराठी येत नव्हती, अण्णांना जर्मन. तरी सापांवरून दोघांची गट्टी जमली. क्राउसनी कागदावर दोन डोकी काढून दाखवली. विषारी क्रॉयझओटरची डोळ्यातली बाहुली उभ्या फटीसारखी, बिनविषारी श्लिंगनाटरची गोल. अण्णांनी तो कागद पाकिटात जपून ठेवला आणि मला बजावलं, "हे इथल्यापुरतंच हं. आपल्या नागाचीही बाहुली गोलच असते."

ऑगस्टमधल्या एका दुपारी वाळक्या पानांत खुळखुळ वाजलं. करडा साप शेपटी थरथरवत होता आणि दोन हातांवर इरा खेळत होती. मला फक्त सिनेमात पाहिलेला रॅटलस्नेक आठवला. अण्णा वाकून बघत होते.

"थांबा. बाहुली गोल आहे. पानं वाजवतोय, भ्यालाय बिचारा."

"अण्णा, हे तुमचं कोकण नाही," म्हणत मी फावडं घातलं.

बायकोने इराला उचलून आत नेलं. क्राउसच्या फाटकाची कडी वाजली तसं अण्णांनी माझ्या हातातलं फावडं काढून घेतलं. मला वाटलं, रागाने. क्राउस साप पाहून पांढरे पडले. श्लिंगनाटर, कायद्याने संरक्षित. कोणी मारला, त्यांनी विचारलं. माझा नागरिकत्वाचा अर्ज तेव्हा कचेरीत पडून होता. एखादी तक्रार झाली तर काय, ही माझी धास्ती अण्णा रोज जेवताना ऐकत होते.

"इख," अण्णा म्हणाले. म्हणजे 'मी'. नातीकडून शिकलेल्या पाच-सहा शब्दांतला एक.

या वेळी मी त्यांना दुरुस्त केलं नाही.

क्राउसनी तक्रार केली नाही, पण अण्णांशी बोलणं सोडलं. मुक्कामाचे उरलेले पाच आठवडे अण्णा कुंपणाशी जाऊन सकाळच्या नमस्काराचं "मॉर्गेन" म्हणत आणि क्राउस मान वर न करता वाफे खुरपत राहत. एकदा मी म्हणालो, सांगून टाकतो त्यांना. अण्णा म्हणाले, "आधी तुमचा नागरिकत्वाचा कागद येऊ द्या. मग सांगा."

पुढच्या वसंतात कागद आला. मी सांगितलं नाही.

दोन वर्षांनी अण्णा गेले. त्यांच्या पाकिटात क्राउसचा तो कागद घडी घालून ठेवलेला मिळाला. तो घेऊन मी बागेत गेलो, या वेळी सांगायचंच ठरवून. अण्णा गेल्याचं ऐकून क्राउसनी टोपी काढली. आपणच काढलेली ती दोन डोकी बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "त्यांना तर फरक नीट कळत होता. तरी का मारला असेल?"

मी म्हणालो, "घाबरले असतील."