जहाज बुडत नव्हतं तेव्हा

ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरममध्ये राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या विज्ञानाच्या एका बाईंनी मला माझं जहाज बुडवायला मदत केली. हे आधीच सांगून टाकतो, कारण गोष्ट रंगात आली की माणूस स्वतःची फुशारकी मारत सुटतो आणि ज्याचे उपकार तो मागे राहतो. त्यांना सगळे काकू म्हणतात, मीही म्हणतो. त्यांच्या फ्रिजमधला बर्फाचा ट्रे नसता तर मी आज ग्वाल्हेरात नसतो.

मी सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी टोकाचा. शाळा नववीत सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली. गणिताच्या मास्तरांना अजून वाटत असेल की मी तापानं पडलोय. आमच्याकडची माणसं देशभरच्या सराफ बाजारांत पसरलेली आहेत. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम, त्याला गलाई म्हणतात. माझ्या मामांचं असं दुकान इथल्या सराफ्यात आहे, आणि त्यांनी मला बोलावून घेतलं. मी कामाला वाईट नव्हतो, फक्त घाबरट होतो. भट्टी विझवली का हे बघायला रोज जिन्यावरून दोनदा परत जायचो. आणि घाबरणाऱ्या माणसाच्या हातून जे फुटायचं ते फुटतंच. पहिल्या सहा महिन्यांत दोन मुशी फुटल्या. मूस म्हणजे ज्यात धातू वितळवतात ते भांडं. मामा शांतपणे म्हणाले, "तिसरी फुटली की गावची गाडी."

रविवारी मी मराठी मंडळात जायचो, मराठी कानावर पडावं म्हणून. तिथली मंडळी पिढ्यान्‌पिढ्या इथलीच. कुणाचे पूर्वज दरबारात लिहायला होते, कुणाचे फौजेत. मराठी बोलायची सगळ्यांना हौस, पण वाक्य मराठीत निघून हिंदीत पोचायचं. "तू चाय घेशील की नाही घेशील, मतलब बनवू की रहने दू?" असं विचारलं की हो म्हणावं की नाही, कळायचं नाही. मी कप येईपर्यंत गप्प बसायचो.

तर त्या वर्षी गणपतीच्या देखाव्याची बैठक होती. कुणीतरी सुचवलं, टायटॅनिक करू. नुसतं उभं जहाज नको, खरंखुरं पाण्यात बुडेल असं. का बुडालं आणि बुडाल्यावर काय झालं हेही माइकवरून सांगायचं. कल्पना सगळ्यांना आवडली. मग सचिवांची नजर माझ्यावर आली. त्यांचं इथल्या कंपू भागात औषधांचं दुकान आहे आणि ते कुणाकडेही त्याला काहीतरी झालंय असं पाहतात.

"तू तर महाराष्ट्रातून आला आहेस," ते म्हणाले. "समुद्र तर तुझ्या घरासमोरच असेल नं?"

त्या मंडळींच्या डोक्यात महाराष्ट्र म्हणजे एक गड आणि त्याच्या पायथ्याशी समुद्र, असंच चित्र. आमच्या गावात उन्हाळ्यात टँकर आला की तीच भरती आणि गेला की ओहोटी. पण खोलीतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या होत्या. मी घाबरून मान हलवली. कुठल्या दिशेनं हलवली ते मलाही कळलं नाही, पण त्यांनी ती होकाराची धरली.

"मग हाच बनवेल," सचिव म्हणाले. मामा शेजारी बसले होते. तेही फुगले. "करील की. पत्र्याचं काम येतंय त्याला." घरी परतताना मात्र म्हणाले, "लेका, ह्या जहाजालाच तिसरी मूस समज."

मी कामाला लागलो. पाच फुटी जहाज, पत्र्याचं. चार धुरांडी तुपाच्या रिकाम्या डब्यांची. माइकवरचं निवेदन काकू लिहिणार होत्या; त्यांनी वाचायला दिलेल्या कागदांत लिहिलं होतं की मूळ जहाजाचं चौथं धुरांडं धुरासाठी नव्हतंच. हवा खेळायला आणि बरंचसं शोभेला. आमच्या मंडळात चार उपाध्यक्ष होते. मी कुणाला काही बोललो नाही, पण चौथं धुरांडं जास्त प्रेमानं रंगवलं.

त्याच कागदांत होतं की जहाजाच्या पोटात सोळा कप्पे होते. मीही सोळा केले. घाबरट माणूस पत्रा जोडतो तेव्हा अशी झाळ मारतो की मुंगीही आत जाऊ नये. प्रत्येक भिंत तळापासून डेकपर्यंत पक्की जोडली. पुढच्या पाच कप्प्यांना बाहेरून भोकं पाडली, त्यांना रबरी बुचं लावली आणि एका दोरीत ओवली. जहाज बर्फाला टेकलं की दोरी ओढायची.

चतुर्थीला चार दिवस असताना मंडळाच्या अंगणात, ताडपत्री टाकून केलेल्या हौदात चाचणी झाली. मी दोरी ओढली. पाणी आत गेलं, जहाजानं नाक जरा खाली केलं, आणि थांबलं. आम्ही वाट पाहिली. चहा झाला. जहाज तसंच, वाकून नमस्कार करत असल्यासारखं. सचिवांच्या कॉलेजातल्या पुतणीनं मोबाइलवर शूटिंग करता करता विचारलं, "दादा, ये डूब क्यों नहीं रहा?"

"बुडेल," मी म्हणालो.

"कधी?"

जे जहाज बुडणारच नाही अशी जगात बोलवा होती ते पहिल्याच फेरीत बुडालं, आणि जे बुडावं म्हणून आम्ही फक्त आरती म्हणायची बाकी ठेवली होती ते तरंगत होतं. कुणीतरी आत दगड टाकायला सांगितलं. टाकले. जहाज बादलीसारखं धपकन तळाला गेलं. निवेदन दहा मिनिटांचं होतं. त्यातलं 'नमस्कार मंडळी'ही झालं नसतं.

"परसोंपर्यंत झालं नाही तर मागच्या वर्षीचा डोंगर परत लावू," सचिव म्हणाले. मामांनी खिशातून मोबाइल काढला आणि रेल्वेचं वेळापत्रक उघडलं. मला दिसेल असं धरून.

दुसऱ्या दिवशी दुपारी निवेदनाचे कागद परत द्यायला मी काकूंकडे गेलो. निवेदन त्याच लिहीत होत्या. दारातच विचारलं, "तरंगतंय म्हणे अजून?" बातमी मंडळाच्या ग्रुपवर आधीच आली होती, हसणाऱ्या तोंडांसकट.

मी म्हणालो, "काकू, भिंती पक्क्या केल्यात. एक थेंब पलीकडं जात न्हाई."

"केवढ्या उंच?"

"पार डेकापर्यंत."

त्या उठल्या आणि फ्रिजमधला बर्फाचा ट्रे घेऊन आल्या. बर्फ एका पातेल्यात काढला, सिंक पाण्यानं भरून ट्रे त्यावर धरला आणि नळ पहिल्या घरावर सोडला. ते भरलं. मग ट्रे त्या बाजूनं खाली दाबत गेल्या. पहिल्या घरातलं पाणी भिंतीवरून दुसऱ्यात गेलं, दुसऱ्यातलं तिसऱ्यात. जसजशी घरं भरत गेली तसतशी ती बाजू आणखी जड झाली. त्यांनी हात सोडला आणि ट्रे सिंकच्या पाण्यात गडप झाला.

"खऱ्या जहाजातही भिंती होत्या," काकू म्हणाल्या. "वरपर्यंत नव्हत्या. पुढचे चार कप्पे भरले असते तरी ते तरंगलं असतं. बर्फानं त्याहून जास्त उघडले. नाक खाली गेलं, मग पाणी भिंतीवरून मागच्या कप्प्यात, मग त्याच्या मागच्या. तू मूर्खासारखं चांगलं जहाज बनवलंयस रे."

नववीतल्या मास्तरांनी मला बरंच काही म्हटलं होतं, पण चांगलं बनवलंयस असं कुणी म्हटलं नव्हतं, मूर्खासारखं का होईना. मला भरून आलं, आणि त्या भरात जे बैठकीपासून पोटात होतं तेही निघालं. "काकू, म्या समुद्र बघितलाच न्हाई. बैठकीत नुसती मान हलली."

मला वाटलं त्या रागावतील. त्यांनी पातेल्यातला एक बर्फाचा खडा तोंडात टाकला. "मी पण नाही बघितला. चाळीस वर्षं भरती-ओहोटी शिकवली. आमचे लोक घोड्यांवरून आले इकडे, बोटीतून कोण येणार? एकदा तिघऱ्याच्या धरणात पायानं चालवायच्या बोटीत बसले, तर काठ सुटायच्या आत मला उलटी झाली. कुणाला सांगशील तर बघ."

त्या दुपारी मी दुकानातून कात्री आणली आणि भिंती वरून चार-चार बोटं कापल्या. आपणच इतक्या जपून जोडलेलं कापताना जिवावर आलं, पण कापलं. संध्याकाळी काकूंच्या गच्चीवर, पोरांच्या पोहायच्या रबरी टाकीत लावून पाहिलं. नाक खाली, मग आणखी खाली, शेपूट वर, आणि डुबुक. घड्याळात नऊ मिनिटं. काकूंनी निवेदनातून एक मिनिट छाटलं.

चतुर्थीच्या संध्याकाळी अंगण भरलं होतं. हिमनग म्हणून सचिवांनी हट्टानं खरी बर्फाची लादी आणवली होती. काकू माइकवर. मी दोरी धरून पडद्याआड. मामा पहिल्या रांगेत, मोबाइल खिशात. अजून.

"दुर्बिणी होत्या म्हणतात," काकू सांगत होत्या, "पण ज्याच्याकडे कपाटाची किल्ली, तो प्रवासाआधीच उतरून गेला." सगळं अंगण सहसचिवांकडे वळलं. मागच्या वर्षी ते मंडळाच्या कपाटाची किल्ली घेऊन पुण्याला मुलीकडे महिनाभर राहिले होते. ते गणपतीकडे पाहू लागले.

मी दोरी ओढली. जहाज वाकलं, पाणी भिंती चढलं, चौथं धुरांडं सगळ्यात शेवटी, आपलं काहीच काम नसल्यासारखं खाली गेलं. मग मागून एक आजोबा म्हणाले, "परत बुडवा."

त्या संध्याकाळी पाच वेळा बुडवलं. ग्वाल्हेरचा भाद्रपदातला उकाडा. तिसऱ्या खेळाला लादी विटेएवढी राहिली, पाचव्याला ओंजळीएवढी. पाच फुटी जहाज त्या खड्याला टेकून बुडालं आणि सचिवांची पुतणी म्हणाली, "इससे तो मेरा शरबत भी ठंडा नहीं होगा."

निवेदनाच्या शेवटी काकूंनी पुढचं सांगितलं. होड्या माणसांपेक्षा कमी होत्या. त्यातही पहिल्या होड्या अर्ध्या रिकाम्या गेल्या, कारण मोठं जहाज सोडून लहान होडीत कोण बसणार. जवळच्या एका जहाजाचा बिनतारी यंत्रावरचा माणूस झोपायला गेला होता. दूरचं एक जहाज धावत आलं आणि होड्यांतली माणसं वाचली. मग चौकशा झाल्या, आणि नियम आले: प्रत्येकाला होडीत जागा, यंत्रावर दिवसरात्र कुणीतरी जागं, समुद्रातल्या बर्फावर पहारा. काकू इथं थांबल्या. "एवढी माणसं गेल्यावर," एवढंच म्हणाल्या.

मग महाप्रसाद. पहिली पंगत मांडली, आणि नेहमीसारखं सुरू झालं. "तुम्ही बसा." "नाही नाही, आधी तुम्ही." हावरट दिसायला नको म्हणून कुणी बसेना. चाळीस पानांवर अठरा माणसं. वाढपी पुढे निघाले, तेवढ्यात माइक परत कडकडला. "पहिल्या होड्या अर्ध्या रिकाम्या गेल्या हे आत्ताच ऐकलंत नं?" काकू म्हणाल्या. "मागून पुऱ्या संपल्या म्हणून चौकशी बसवणार नाही. बसा गुपचूप." दोन मिनिटांत पंगत भरली. मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच, असं म्हणतात.

जेवताना सचिवांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं. "आता हा आपल्याला समुद्राबद्दल दोन शब्द सांगेल."

माझ्या तोंडात पुरी होती. काकू ताक वाढत होत्या. वळल्याही नाहीत. "जहाज बुडवणाऱ्याला समुद्राचं काय विचारता? त्याला पुरी संपवू द्या."

हात धुताना मामा शेजारी आले. मी त्यांच्या खिशाकडे पाहत होतो. त्यांनी रुमाल काढला, हात पुसले. "उद्या दुकान तू उघड," म्हणाले, "वेळेत." एवढंच. किल्ली माझ्या हातात दिली. ती मी त्या दिवसापासून कुठंही गावाला जाताना बरोबर नेत नाही.

आता मुशी सहसा फुटत नाहीत. जिन्यावरून परत मात्र अजून जातो, पण एकदाच. आणि समुद्र मी अजून पाहिलेला नाही. मध्ये मामांबरोबर मुंबईला जायचा योग आला होता, मी तब्येतीचं कारण सांगून राहिलो. कारण माझं ठरलंय. एक दिवस मी काकूंना घेऊन कोकणात जाणार, आणि दोघंही तो एकदमच पाहणार; त्यांच्याआधी मी एकटा बघणार नाही. त्या बोटीत बसायचं म्हणाल्या तर बसू. मी आधी बोटवाल्याकडची जाकिटं मोजून घेईन, आणि उलटीसाठी पिशवी मी धरेन, आणि परत आल्यावर मंडळात कुणाला सांगणार नाही.