मुरुमचे सिद्धाप्पा आणि त्यांचे उघडे कॉम्प्युटर

सिद्धाप्पांच्या दुकानात कुणी कॉम्प्युटर घ्यायला आलं, की ते तो चालू करून दाखवत नसत. आधी आडवा करत, बाजूचा पत्रा काढत आणि गिऱ्हाइकाला वाकून आत बघायला लावत. "आधी पोट बघा," म्हणत. "तोंड काय, सगळ्यांचंच चकचकीत आसतंय." गिऱ्हाईक बिचारं वायरींच्या गुंत्याकडं बघून मान डोलवी. कळत फारसं नसे. पण पुढं यंत्र बिघडलं तरी तो माणूस त्याला घाबरत नसे. एकदा आत डोकावून झालेलं असे.

मुरुमच्या बसस्थानकासमोरच्या गाळ्यांत त्यांचं दुकान होतं आणि त्याला लागून माझं. ते सुटे भाग जोडून कॉम्प्युटर बनवत. मी लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, एप्रिलमध्ये जयंतीची पत्रकं तयार करून देई. वयानं ते माझ्याहून बरेच मोठे, तरी मला 'अक्का' म्हणत. घरी कन्नड, दुकानात मराठी, आणि दोन्हीकडं आवाज सारखाच हळू. कपाळावर विभूती, खिशात पेनाच्या जागी स्क्रू ड्रायव्हर.

माझा पहिला कॉम्प्युटर त्यांनीच दिला. खरं तर मला सोलापुरात पाहिलेला हवा होता. पडद्याच्या मागंच सगळं बसवलेला, पातळ, पांढरा. अप्पांनी वाद घातला नाही. तसलाच एक त्यांच्याकडं दुरुस्तीला आला होता. तो आणि स्वतः जोडलेला एक काळा डबा त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी मांडला.

"अक्का, ह्यात रॅम वाढवायची म्हणलं तर कुठून उघडाल, दाखवा."

मी पांढरा कॉम्प्युटर सगळीकडून फिरवून पाहिला. एकही स्क्रू सापडला नाही.

"आता ह्यात बघा." काळ्या डब्याचा पत्रा निघाला. आत रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, पट्ट्या बसवायच्या खाचा दिसत होत्या. एकीत पट्टी होती, बाकीच्या मोकळ्या. "आज एवढंच घ्या. काम वाढलं की हितं दुसरी लावू. यंत्रानं तुमच्या मागं यावं. तुम्ही त्याच्या मागं पळायचं न्हाय."

मी जरा हिरमुसूनच तो काळा डबा घेतला. पण झालं तसंच. फोटोंच्या पत्रिका आल्या, तेव्हा रॅमची दुसरी पट्टी बसली. जुनी हार्डडिस्क कुरकुरायला लागली, तेव्हा तिच्या जागी एसएसडी आली आणि चहा होईपर्यंत चालू होणारं यंत्र बसल्या बसल्या चालू व्हायला लागलं. विजेच्या झटक्यात एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा, जळला, तो बदलला. पेटाऱ्याएवढा मॉनिटर जाऊन सपाट आला. दर वेळी अप्पा मला जवळ उभं करत आणि काय काढलं, काय घातलं ते दाखवत.

ते हट्टी होते असं मात्र नाही. गावोगाव फिरणारी एक आरोग्यसेविका असाच काळा डबा मागायला आली, तर त्यांनी तिला परत पाठवलं. "तुम्ही लॅपटॉपच घ्या, ताई. हे टेबलावरचं धूड घिऊन वाड्यावस्त्यांवर फिरणार हाव का?" फक्त घेण्याआधी एक विचारायला सांगितलं, की आतली रॅम निघते का, का बोर्डालाच चिकटवलीय. अशी चिकटवलेली रॅम त्यांना मनापासून टोचायची. जळकोटचे एक निवृत्त गुरुजी नातीचा लॅपटॉप घेऊन आले होते. तिला कॉलेजात चित्रांचं मोठं सॉफ्टवेअर लागणार होतं आणि मेमरी कमी पडत होती. अप्पांनी मागचं झाकण उघडलं, बराच वेळ आत पाहिलं आणि हळूच परत लावलं. "गुरुजी, चांगलं यंत्र हाय. पर करणाऱ्यानं त्येला वाढायला जागाच ठिवली न्हाय."

पुढं हातोहाती स्मार्टफोन आले, सुटे भाग जोडून घेणारे कमी झाले. अप्पांच्या दुकानात गिऱ्हाइकांपेक्षा गप्पांना येणारे जास्त दिसू लागले. आणि एका सकाळी शटर वर करता करता ते पायरीवरच बसले. मी धावत गेले तेव्हा तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं.

सोलापूरच्या दवाखान्यातून ते परत आले, पण उजवा हात गेला आणि मराठी गेली. हात जातो हे आम्ही ऐकलं होतं. भाषा जाते हे कुणाला ठाऊक नव्हतं. कन्नडचे थोडे शब्द तेवढे ओठांवर येत. ज्या माणसानं आयुष्यभर आमच्याशी मराठीत व्यवहार केला, तो आमच्याकडं परक्या गावी उतरल्यासारखा बघायचा. त्यांच्या पत्नी महादेवीवहिनी मला म्हणाल्या, "अक्का, दिसभर भितीकडं तोंड करून बसत्यात. पोरगा दुकान काढून टाकू म्हनतोय. म्या काय सांगू?"

त्याच सुमारास माझा कॉम्प्युटर बंद पडला. पंखा फिरे, पडदा काळाच. उमरग्याच्या एका दुरुस्तीवाल्यानं नवीनच घ्या म्हणून सांगितलं. मी डबा आणि पडदा दोन्ही उचललं आणि सरळ अप्पांच्या घरी नेलं. दुरुस्त होईल अशी आशा नव्हती. त्यांना भिंतीऐवजी दुसरं काहीतरी बघायला मिळावं, एवढंच मनात होतं.

त्यांच्यापुढं डबा आडवा करून मी पत्रा काढला. अप्पा वळले. डावा हात पुढं करून त्यांनी रॅमच्या पट्टीवर बोट ठेवलं.

"तेगी."

"काढा म्हनत्यात," वहिनी म्हणाल्या.

मी पट्टी ओढायला लागले. "निधान, निधान." हे मला वहिनींनी न सांगताच कळलं, हात आपोआप हळू झाला. पट्टीचे सोनेरी दात खोडरबरानं पुसले, परत लावली. पडदा काळाच. त्यांनी दुसरीकडं बोट दाखवलं. तीही काढली. एक पट्टी या खाचेत, मग त्या खाचेत, असं करता करता मध्येच पडद्यावर उजेड आला. एक पट्टी मेली होती, बाकी सगळं शाबूत होतं.

"रॅम," अप्पा म्हणाले. अगदी स्पष्ट.

वहिनी त्यांच्याकडं बघतच राहिल्या. आजारपणानंतर घरात ऐकलेला तो पहिला नवा शब्द होता, आणि तो मराठीही नव्हता, कन्नडही नव्हता.

मुलानं दुकान काढून टाकायचं तूर्त थांबवलं. रोज दुपारी वहिनी अप्पांना दुकानात घेऊन यायच्या आणि मी माझं काम बाजूला ठेवून त्यांचा उजवा हात व्हायची. ते बोट दाखवत, मी स्क्रू फिरवी. चुकले तर "बेडा", म्हणजे नको; जमलं तर "साकु", म्हणजे पुरे. रॅममागून हार्डडिस्क आली, मदरबोर्ड आला, आणि त्या शब्दांना धरून हळूहळू मराठी परत येऊ लागली. "पंका पूस." "वायर दाब." एक दिवस एक पोरगी कॉम्प्युटर बघायला आली, तेव्हा ते तिला थांबत थांबत म्हणाले, "आधी... पोट... बघा." मी तोंड फिरवून माझ्या दुकानात गेले.

तरी हात आला नाही, आणि शेवटी मुलगा त्यांना बंगळूरला घेऊन गेला. दुकान गेलं. दर रविवारी अप्पांचा फोन यायचा. "अक्का, हितं मराठी बोलाया कुणी न्हाय. बोलत ऱ्हायलो न्हाय तर परत जाईल ही." मग आम्ही बोलायचो: मुरुमला पाऊस किती, कुणाचं लग्न, माझ्या यंत्रात आता काय घालायचं. शब्द अडला की ते थांबत. मी सुचवत नसे. त्यांना तो स्वतः शोधायचा असे.

मागच्या वर्षी फोन वहिनींचा आला. "अक्का, अवरु होदरु," त्या म्हणाल्या. ते गेले. आणि मग त्या बोलतच राहिल्या. सकाळी अप्पांनी पाणी मागितलं, खिडकी उघडायला सांगितली, मग जरा पडतो म्हणाले. सगळं कन्नडमध्ये. मराठीत सांगण्याइतकं बळ वहिनींच्यात नव्हतं, आणि दुकानातल्या त्या दुपारींमुळं मलाही एकदाही अर्थ विचारावा लागला नाही. त्या थांबल्या. कन्नड वाक्य मी तोवर तोंडानं कधी उच्चारलं नव्हतं.

"ऊटा आयता?" मी विचारलं. जेवलात का, एवढंच.

पलीकडं त्या रडायला लागल्या, आणि मी फोन कानाला धरून बसून राहिले.