पाठमोरी

पुण्यात मी कॅमेऱ्याचं शिक्षण घेत होतो. शेवटच्या वर्षाला दहा मिनिटांची फिल्म करायची होती. दिग्दर्शन वर्गमित्राचं, कॅमेरा माझा. गोष्ट साधी होती: नवरा पलटणीत असलेली बाई पत्राची वाट बघते आणि पत्र येईनासं होतं. नटी मिळेना. मीच म्हणालो, आक्काला विचारतो.

आक्का माझी थोरली बहीण, साताऱ्याजवळच्या गावात दिलेली. दाजी लढाईत गेले त्याला दोन वर्षं झाली होती. तिलाच असली गोष्ट करायला लावतोय हे तेव्हा मला खटकलंसुद्धा नाही. आता शरम वाटते.

ती म्हणाली, "चालंन, पानी आनंन, सांगशील त्ये करंन. पर तोंड दावायचं न्हाई बग. पाठमोरी घे."

"व्हय आक्का," मी म्हणालो.

मित्र नाराज झाला, पण मी त्याला पटवलं. चेहरा दिसला नाही तर बघणारा आपल्याच माणसाचा चेहरा तिथं ठेवेल. तीन दिवस तसंच चित्रीकरण केलं. हंडा घेऊन जाणारी आक्का, ओसरीवर बसलेली आक्का. मी कॅमेरा लांब ठेवायचो. एवढ्या मोठ्या अंगणात ती फार एकटी दिसायची.

चौथ्या दिवशी मित्राला जवानाचा एखादा कपडा हवा होता. आक्कानं ट्रंक उघडून दाजींचा खाकी स्वेटर काढला आणि अंगणात वाळत घालायला गेली. मी गोठ्यापाशी लांबचं जवळ दाखवणारी लेन्स लावून उभा होतो. तिनं तो वाळत घातलाच नाही. दगडावर बसली, नकळत माझ्याकडं तोंड करून. स्वेटर नाकाशी धरला आणि आवाज न करता रडायला लागली.

मित्र कानाशी कुजबुजला, "थांबू नकोस."

मी थांबलो नाही. तिचा चेहरा जरा धूसर होत होता, तो लेन्स फिरवून नीट स्पष्ट केला. उन्हाची तिरीप तिच्या गालावर आली तेव्हा मला आनंद झाला. बहीण रडत होती आणि मी उजेड बघत होतो.

पुण्यात सरांनी त्या शॉटचं फार कौतुक केलं.

मग फिल्म आक्काच्या गावात दाखवली. भर दुपारी, शाळेच्या खिडक्यांना घोंगडी लावून. पडदा म्हणून भिंतीवर ताणलेल्या धोतरावर आक्काचा चेहरा आला, भिंतीएवढा. बाया हळहळल्या. तिची सासू हुंदके देऊ लागली. आक्का उठली आणि पदर सावरत बाहेर गेली.

मी मागोमाग धावलो. ती म्हणाली, "इतक्या जवळनं माजं रडनं घरच्यांनीबी पायलं न्हवतं रं."

पुण्याला जाऊन मी मित्राला म्हणालो, तो शॉट काढू, पाठमोरा घालू. तो म्हणाला, "मग गोष्टच मरेल." मी जास्त भांडलो नाही. त्याचं खरं होतं, हे मला ठाऊक होतं.

दिवाळीला गेलो तर आक्कानं नेहमीसारखं ओवाळलं. जेवताना मी कसाबसा म्हणालो, "चुकलं माझं."

ताटात भाकरी वाढत ती म्हणाली, "ईचारायचं हुतंस."

"विचारलं असतं तर व्हय म्हणाली असतीस?"

तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. "ठाव न्हाई," म्हणाली, आणि दुसरी भाकरी थापायला बसली.