मी बदललेला एक शब्द

दुसऱ्याचं मराठी दुरुस्त करायची मला खोड आहे. गिरगावातल्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली, पण लग्नपत्रिका हातात आली की नवरानवरीच्या नावांआधी मला ऱ्हस्व-दीर्घ दिसतात. प्रभादेवीच्या आमच्या सोसायटीत नोटीस लावण्याआधी सेक्रेटरी ती मला दाखवून जातात. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

त्याच शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई माझ्या जिवाभावाच्या. त्या मूळच्या नगरकडच्या, ख्रिस्ती. एका स्टाफरूममध्ये उभा जन्म गेला तरी आम्ही एकमेकींना 'बाई' आणि 'तुम्ही'च म्हणतो. आता रोज सकाळी शिवाजी पार्कला दोन फेऱ्या मारायच्या आणि कट्ट्यावर बसून अर्धा तास जगाला नावं ठेवायची, हा आमचा नेम. गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्यांचे यजमान गेले. ईस्टरच्या रविवारी उपासना झाल्यावर त्यांच्या आठवणीचं एक छोटं कार्ड सगळ्यांना द्यायचं, असं बाईंनी ठरवलं.

मजकूर त्यांनी स्वतः लिहिला होता. "जरा शुद्धलेखन बघा हं, बाई," म्हणत त्यांनी कट्ट्यावर कागद माझ्या हातात दिला. छपाईचं कामही मीच ओढून घेतलं, कारण ठाकूरद्वारचा प्रेसवाला माझा जुना विद्यार्थी.

शुद्धलेखनाच्या दोनच चुका निघाल्या. तेवढ्याने माझं समाधान होईना. शेवटची ओळ होती, 'पुनरुत्थानाच्या आशेत विसावलेले'. तो शब्द मला खटकला. मी मुलांना पुनरुत्थान शिकवलं ते राष्ट्राचं, फार तर भाषेचं. घरातल्या माणसाला एवढा बोजड शब्द कशाला? मी तो खोडला आणि वर लिहिलं, 'पुनर्जन्माच्या'. अर्थ तोच, शब्द सोपा, असं स्वतःशी म्हटलं आणि कागदाचा फोटो परस्पर प्रेसवाल्याला व्हॉट्सॲपवर पाठवून दिला. बाईंना विचारावं असं मनातसुद्धा आलं नाही. इतकी वर्षं मी त्यांच्या घरी ईस्टरचं जेवण जेवले होते, पण तो सण नेमका कशाचा, हे कधी विचारलं नव्हतं.

शनिवारी दुपारी कार्डांचा गठ्ठा घेऊन मी दादरला त्यांच्या घरी गेले. मुद्दाम जाड कागद निवडला होता, त्यामुळे कौतुकाची वाट बघत बसले. बाईंनी चष्मा लावला, कार्ड वाचलं, पुन्हा वाचलं आणि टेबलावर पालथं ठेवलं.

"हा शब्द कुणी बदलला?"

"मीच. जरा सोपं केलं."

"बाई, तुम्ही माझ्या नवऱ्याला दुसऱ्याच्या घरी पाठवलंत."

मला काही कळेना. त्या म्हणाल्या, "पुनर्जन्म म्हणजे हे कुणाच्या तरी पोटी नव्याने येणार. दुसरं नाव, दुसरी आई, पुढे दुसरी बायको. मग माझे हे कुठे राहिले? मी भेटायचं कुणाला?"

त्या ओरडल्या नाहीत. वर्गातही कधी ओरडत नसत, शांतपणे चुकलेल्या पायरीवर बोट ठेवत. मला मात्र राग आला. कुणी माझी चूक दाखवली की मला आधी रागच येतो. "अहो, शब्दाचा एवढा काय बाऊ करता?" मी म्हटलं. "गेलेलं माणूस परत येतं, एवढंच ना दोन्हीकडे?"

"नाही. तुमच्याकडे पाटी कोरी करून हातात देतात. आमच्याकडे पाटी पुसत नाहीत."

"कोरी कशी? केलेलं कर्म येतं की बरोबर."

"कर्म येतं. ओळख येते का?"

आमचे हे जाऊन आठ वर्षं झाली. 'सुटले बिचारे, कुठेतरी चांगल्या घरी जन्माला आले असतील,' असं म्हणून लोकांनी मला धीर दिला होता आणि मी तो मुकाट्याने घेतला होता. बाईंसमोर बसून पहिल्यांदा लक्षात आलं, की तसं असेल तर हे आता कुणाचं तरी आठेक वर्षांचं पोर असणार, आणि समोरून आले तरी माझ्या बाजूने सरळ निघून जाणार. रागाबिगाचं तिथेच पाणी झालं.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "आजच्या आज नीट करते."

प्रेसवाल्याला फोन केला तर मशीन सोमवारशिवाय मोकळं नव्हतं. पण माझा आवाज ऐकून त्याला शाळा आठवली असावी. तो एकच शब्द त्याने स्टिकरच्या कागदावर ओळीने छापून ठेवला. मी टॅक्सीने ठाकूरद्वारला जाऊन ते कागद घेऊन आले आणि आम्ही दोघी डायनिंग टेबलावर कात्र्या घेऊन बसलो. त्या पट्ट्या कापत होत्या, मी चिकटवत होते. थोड्या वेळाने मी धीर करून विचारलं, "बाई, खरं सांगा. शिवडीला पुरलेला देह उठून येईल, असं तुम्हाला खरंच वाटतं?"

"देहाचं काय करायचं ते देव बघेल," त्या म्हणाल्या. "मी डोळ्यांनी पाहिलंय तेवढं सांगते. हे किती हट्टी होते, तुम्हाला माहीत आहे. मुलीने स्वतःच्या मनाने लग्न केलं, तर सहा वर्षं तिचं नाव घरात काढू दिलं नाही. मग पहिला अटॅक आला. त्यातून बरे झाल्यावर एक दिवस म्हणाले, माझ्या चपला काढ. थेट परळला तिच्या दारात गेले. जिन्यात दोनदा बसले. आणि तिची माफी मागितली. यांच्या आत जो माणूस मरून पडला होता ना बाई, तो त्या दिवशी उठला."

"मग स्वभाव बदलला म्हणा."

"छे हो! तिच्या हातची आमटी खाल्ली आणि मीठ कमी आहे म्हणाले." त्या हसल्या. दुपारपासून पहिल्यांदाच. "तेच तर सांगतेय. हे तेच होते. खोडी त्याच, आवाज तोच, पण उठलेले. प्रभू उठला तेव्हा त्याच्या हातांवरच्या जखमा गेल्या नव्हत्या. त्यांच्यावरूनच तर तो ओळखू आला. देव माणसाला उठवतो हे मी परळच्या त्या जिन्यात पाहिलं, मग मरणानंतरचं का मानू नये? आणि हे पुन्हा कोरे होणार असतील, तर मुलीची माफी कुणी मागितली म्हणायचं?"

मी धर्म बदललेला नाही, बदलणारही नाही. सिद्धिविनायकाचा मंगळवार माझा अजून चुकत नाही. पण 'पुनः अधिक उत्थान' हा संधी मी फळ्यावर शेकडो वेळा सोडवला आणि उत्थान म्हणजे साधं उठणं, हे मला गणिताच्या बाईंनी शिकवलं, असं मी आता कुणालाही ठणकावून सांगते. माणूस आहे तसा, केल्या-चुकल्यासकट उठतो. आणि त्यासाठी मरणापर्यंत थांबावं लागतंच असं नाही.

रविवारी गिरगावातल्या त्यांच्या चर्चमध्ये मी बाईंच्या आणि त्यांच्या मुलीच्या शेजारी बसले. पाळकसाहेब म्हणाले, "ख्रिस्त उठला आहे," आणि सगळे एका सुरात म्हणाले, "खरोखर उठला आहे." उपासना संपल्यावर मुलीने दाराशी उभं राहून कार्डं वाटली. काही पट्ट्या तिरक्या बसल्या होत्या, त्या माझ्याखेरीज कुणालाही दिसल्या नाहीत. बाई मला हाताला धरून अंगणात एका बाजूला घेऊन गेल्या.

"आमच्यात गेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत," त्या हळूच म्हणाल्या. "पाळकसाहेबांना सांगू नका. पण आज मी तुमच्या मिस्टरांसाठी केली. नाव घेऊन केली."

"काय मागितलंत?"

"ते तेच राहोत. एवढंच."

लोक बघत होते, बघू देत म्हटलं. त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून मी हमसून हमसून रडले. आठ वर्षांनी आमचे हे पुन्हा आमचे झाले होते.