माहेरच्या मातीतली वीज

मंडळी, आज सकाळी बरणीला जोडलेल्या मीटरचा काटा हलला आणि मला रडूच आलं.

आमची नात मीनू शाळेसाठी बरणीतल्या चिखलातून वीज काढत होती. चिखलातले जंतू करतात म्हणे. मी सोवळ्याओवळ्याची बाई; जंतू ऐकलं आणि चिखल उकळूनच ठेवला!

"आजी, सगळे मारलेस ना!" पोर रडकुंडीला आली.

मग तिला तुळशीतली माती दिली. माझं माहेर, निसरपूर गाव, धरणाच्या पाण्यात जाणार होतं, म्हणून तिथून देवासला आणलेली, तेवढीच. पंधरा दिवस बरणीत भिजली, आणि आज काटा हलला.

"बघ आजी, जंतूंच्या अंगावर प्रोटीनच्या तारा असतात. त्यांवरून इलेक्ट्रॉन बाहेर येतात."

मी बरणीला हात जोडले. मला वाटायचं, मी नुसती आठवण जपतेय. आत एवढं कोण कोण जगत होतं!

तुम्ही माहेरचं काय जपलंय हो?